साडेतीन मीटर सावली

गेल्या मे महिन्यात सुट्टीतल्या बायबल शाळेत मी मुलांना हस्तकला शिकवत होते. तिसऱ्या दिवशी मुलं पटांगणात खेळायला पळाली आणि एक आई आपल्या पोरीला घेऊन माझ्या टेबलापाशी थांबली. पोरगी अकरा वर्षांची. उजव्या कोपरावर दोन आणि डाव्या पापणीवर एक असे पांढरे डाग. आई हळूच म्हणाली, "मावशी, हिला उन्हात खेळू देऊ का नको? म्हटलं तुम्हालाच विचारावं."

मलाच का, ते तिने सांगितलं नाही. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे आहेत, ओठांभोवती आणि गळ्यावरही पांढरे पट्टे आहेत. सतराव्या वर्षी मला कोड आलं, आता एकसष्टावं चालू आहे. त्यातली अडतीस वर्षं शिलाई मशीनवर गेली. त्यामुळे उन्हाचं आणि कापडाचं जे काही मला कळतं, ते याच हातांनी शिकवलेलं आहे.

त्या आईशी अर्धा तास बोलले, तरी निम्मं राहून गेलं. ते सगळं इथे लिहिते. कोड नसलेल्यांनीही वाचावं. देवबाप आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो असं प्रभूने डोंगरावर सांगितलं, आणि कातडी तर सगळ्यांनाच आहे.

आधी लेवीय 13

पोरीच्या आईला मी पहिली गोष्ट उन्हाची सांगितलीच नाही. आपल्या लोकांत कोड म्हटलं की कुणीतरी शास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय काढतंच, चट्टे बघून माणूस शुद्ध की अशुद्ध ते ठरवण्याचा. मी अठरा वर्षांची असताना प्रभुभोजनाच्या वेळी एका बाईने मला प्याला सगळ्यांच्या शेवटी घ्यायला सांगितलं होतं. त्या रात्री मी तो अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पुढे तो इतक्या वेळा वाचला की माझ्या शास्त्रात ती पानं वेगळी दिसतात.

त्या अध्यायाची 38 आणि 39 ही वचनं कुणी मोठ्याने वाचत नाही. पुरुषाच्या किंवा बाईच्या अंगावर पांढरे चट्टे उठले आणि याजकाला ते फिकट पांढरे दिसले, तर तो नुसता कातडीवर उठलेला चट्टा आहे, ते माणूस शुद्ध आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आणखी थोडं खाली गेलात तर 47 व्या वचनापासून तोच रोग लोकरीच्या आणि तागाच्या कापडाला लागतो, चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला लागतो. म्हणजे ज्याला आपण कुष्ठरोग वाचतो त्या हिब्रू शब्दाखाली कितीतरी गोष्टी येतात. आजचा कुष्ठरोग आणि तो एकच, असं म्हणता येत नाही. आणि कोड तर कुष्ठरोग नाहीच. कोडात कातडीला रंग देणाऱ्या पेशी जागोजागी नाहीशा होतात, एवढंच घडतं. ते शिवून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही, आणि कुणाच्या पापामुळे येत नाही. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना ते असतं. आणि ज्याला कुष्ठरोगी म्हणत त्यालाही प्रभूने हात लांब करून स्पर्श केला, हे मत्तयाच्या आठव्या अध्यायात आहे.

हे त्या पोरीच्या देखत बोलले, मुद्दाम. अंगाची काळजी घ्यायला आधी ते अंग आपलं वाटायला लागतं.

पांढऱ्या जागेला ऊन जास्त का लागतं

सावळ्या कातडीत जो रंग असतो तो देवाने दिलेली छत्रीच आहे. ऊन आत शिरायच्या आधी तो बरंचसं अडवतो. पांढऱ्या डागात ती छत्री नसते. म्हणून माझ्या दंडाला ज्या उन्हाचं काही वाटत नाही, त्याच उन्हात वीस मिनिटांत हाताचा पंजा लाल होतो.

आणि नुसतं लाल होऊन भागत नाही. कोडाची एक खोड आहे. कातडीला जिथे इजा होते, भाजतं, घासतं, तिथे नवा डाग उठू शकतो. उन्हाने पोळलं की तीही इजाच. परकराची नाडी करकचून बांधणाऱ्या बाईला कमरेभोवती डाग येतो, चपलेचा पट्टा घासतो तिथे पावलावर येतो, तसंच हे. म्हणून नाडीच्या जागी रुंद पट्टी लावा, चप्पल कोल्हापुरी असली तरी पहिले काही दिवस तेल लावून मऊ करून घ्या, आणि अंग पोळू देऊ नका.

मी हे शिकले ते चुकून. एकोणिसाव्या वर्षी एका वैदूने मला बावचीचं तेल दिलं आणि सकाळचं ऊन खायला सांगितलं. सकाळ म्हणजे किती वाजता, ऊन म्हणजे किती मिनिटं, त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेल चोपडून कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर तासभर बसले, स्तोत्र म्हणत. दुसऱ्या दिवशी हात पेटल्यासारखे झाले आणि तिसऱ्या दिवशी लिंबाएवढे फोड आले. जखमा भरल्या तेव्हा डाग मनगटापर्यंत चढलेला होता. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीला उन्हाच्या बाबतीत अतिशय हळवं करतं. डॉक्टर तेच वापरून उपचार करतात, पण प्रकाशाचं प्रमाण मोजून. तेव्हा घरच्या घरी बावची नको. लिंबाचा रस अंगाला चोळून उन्हात जाणं नको, त्यानेही कातडी भाजते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेली गोरं करणारी ट्यूब नको, त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं आणि त्याने कातडी पातळ होते. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात त्वचेचा विभाग आहे, तिथे केस पेपर काढा आणि पोरीला दाखवा. बीपीची, जंतूंची, पुटकुळ्यांची काही औषधंही ऊन सोसू देत नाहीत. तेव्हा कोड असो नसो, नवीन गोळी सुरू करताना डॉक्टरांना एवढं विचाराच.

घड्याळापेक्षा सावली खरी

आपण "बाराचं ऊन" म्हणतो, पण कोल्हापुरात सूर्य बाराला माथ्यावर नसतो. सगळ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला सव्वाआठ अंश. त्यामुळे आपली खरी मध्यान्ह वर्षभरात साधारण सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान कुठेतरी होते. मेच्या पहिल्या आठवड्याअखेर आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला तर सूर्य असा थेट डोक्यावर येतो की साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच जाते.

मुलांना मी एकच नियम शिकवते. उन्हात सरळ उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर खेळा. आपल्याएवढी झाली की टोपी. आपल्यापेक्षा आखूड झाली की झाडाखाली. मे महिन्यात सकाळी साडेनवाच्या थोडं आधीच सावली आपल्याएवढी होते आणि दुपारी साडेतीननंतर पुन्हा लांबायला लागते. मधले सहा तास जपायचे.

माझ्या शेजारणी नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव बघायला जातात. मावळतीची किरणं आडवी आत येतात, ती हवेच्या लांबच लांब थरातून गाळून आलेली असतात, म्हणून मऊ. माथ्यावरचं ऊन हवेतून सरळ खाली येतं, त्याला गाळणी फार थोडी मिळते. फरक सगळा तिरपेपणाचा आहे.

यात बहुतेकांची फसगत गारव्याने होते. घाम येत नाही म्हणजे ऊन नाही असं वाटतं. उकाडा वेगळा आणि कातडी पोळणारे किरण वेगळे. पन्हाळ्यावर वारं गार असतं, पण उंचीमुळे ते किरण खालच्यापेक्षा थोडे जास्तच असतात. ऑगस्टात पातळ ढग असतील तर बरेचसे किरण त्यातूनही खाली येतात. मोबाइलवर हवामान बघता तिथे या किरणांचा यूव्ही इंडेक्स म्हणून एक आकडा असतो. तो 3 झाला की झाकायला लागायचं, 8 झाला की काम असेल तरच बाहेर, आणि 11 किंवा त्यापुढचा आकडा म्हणजे सर्वांत वरची पायरी. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे तो बहुधा तिथेच असतो.

घरातही एक जागा आहे. खिडकीची काच पोळणारे किरण अडवते, पण कातडी आतून म्हातारी करणारे आणि वांग गडद करणारे दुसरे किरण आत सोडते. माझी मशीन वीस वर्षं पश्चिमेच्या खिडकीला लागून होती, उजेड मिळतो म्हणून. आता मध्ये दाट पडदा आहे आणि वर ट्यूबलाइट. केएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसणाऱ्यांनी त्या बाजूची बाही लांब ठेवावी.

कापड

आता माझ्या कामाचं. मी क्रीमच्या आधी कापड सांगते. कापड पुसलं जात नाही, दर दोन तासांनी लावावं लागत नाही आणि एकदा घेतलं की चार उन्हाळे जातं. शिवाय आपल्या शास्त्रात शिवणकामाचा पहिला उल्लेख पाहिलात तर आदाम आणि हव्वा यांनी अंजिराची पानं जोडली ती. ती काही टिकण्यातली नव्हती. मग बागेबाहेर पाठवण्याआधी देवाने स्वतः त्यांना चामड्याची वस्त्रं करून घातली. ते दोघं चुकलेले होते, तरी उघड्या अंगाने बाहेरच्या उन्हात त्याने त्यांना सोडलं नाही. मशीनवर बसताना मला ते नेहमी आठवतं.

कापड कसं निवडायचं? दुकानात ताग्याचा पदर उचला, आपला पंजा त्यामागे धरा आणि उजेडाकडे बघा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर ते कापड उन्हासाठी उपयोगाचं नाही. नुसता अंधूक आकार दिसला तर चालेल. काहीच दिसलं नाही तर उत्तम. रुबियाचे ब्लाउजपीस या परीक्षेत बहुतेक नापास होतात. पांढरा पातळ बनियन तर जवळजवळ उघड्या अंगासारखाच. डेनिम सगळ्यांत पास, पण मेमध्ये ते कोण घालणार? मला दाट विणीचं पॉपलीन आणि हलकं ट्विल बरं वाटतं. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला तागे बघायला गेलात तर घाई करू नका, दारापाशी उजेडात आणून बघा.

रंग गडद घ्या. निळा, मरून, बाटलीचा हिरवा. गडद रंगाने उकडतं ही तक्रार खरी आहे, त्यावर उपाय म्हणजे कपडा सैल शिवणं, आत हवा खेळली पाहिजे. ताणलेलं कापड आणि भिजलेलं सुती कापड ऊन जास्त आत सोडतं, म्हणून घट्ट टी-शर्ट घालून पंचगंगेत पोहणाऱ्या पोरांची पाठ पोळते. सुती कापड शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढा. ते आटतं, वीण जवळ येते, आणि तेवढीच सावली दाट होते.

सनकोटाला 44 इंच पन्ह्याचं पावणेतीन मीटर आणि टोपीला पाऊण मीटर, असं साडेतीन मीटर कापड एका बाईला पुरतं. बाजारातल्या सनकोटात मला तीन उणिवा दिसतात. बाही मनगटाशी संपते, म्हणून स्कूटरच्या हँडलवरचा पंजा उघडा राहतो. बाही तीन इंच वाढवा आणि शिवणीत अंगठ्यासाठी एक काज ठेवा, म्हणजे पंजाची पाठ झाकली जाते आणि बोटं मोकळी राहतात. गळा उघडा असतो, तिथे दोन इंचांची उभी पट्टी द्या. आणि काखेत कोट ओढतो, म्हणून बायका तो काढूनच टाकतात. काखेत चार इंचांचा चौकोनी तुकडा घाला, छातीला मापापेक्षा सहा इंच सैल ठेवा. चेन नको, ऊन लागून धातू तापतो. बटणं लावा.

छत्री काळी आणि दाट कापडाची हवी, पण फरशीवरून, पांढऱ्या भिंतीवरून आणि पाण्यावरून उलटून येणारं ऊन छत्री अडवत नाही. म्हणून छत्री असली तरी बाही लांबच. गॉगल घेताना यूव्ही 400 लिहिलेलं बघा. नुसती काळी काच असेल तर बुबुळाचं भोक मोठं होतं आणि किरण जास्त आत जातात.

क्रीम

चेहरा, कान, मान आणि पंजे, म्हणजे कापडाबाहेर जे राहील त्याला सनस्क्रीन. एसपीएफ 30 पोळणाऱ्या किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतं, 50 साधारण 98. म्हणून आकड्यापेक्षा किती लावता याला महत्त्व आहे. मधलं बोट आणि त्याशेजारचं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एक एक ओळ काढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. रोज लावणाऱ्याची 50 ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिन्यात संपायला हवी. सहा महिने पुरत असेल तर ती लावल्यासारखी होत नाही. पाकिटावर पीए आणि पुढे तीन किंवा चार अधिक चिन्हं असावीत, ती त्या दुसऱ्या, काचेतून येणाऱ्या किरणांसाठी. बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी लावा, उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसलात तर लगेच. पापण्या, कानाची पाळी, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि ओठ हमखास विसरतात.

कोड असलेल्यांनी फक्त डागांवर लावू नये. आजूबाजूची कातडी उन्हाने रापली की डाग जास्त उठून दिसतो. सगळीकडे सारखं लावा. मुलांसाठी झिंक ऑक्साइडचं बरं, जरा पांढरं दिसतं पण झोंबत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नाही, त्याला सावली आणि कापडच. ट्यूब स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेने ती बिघडते. खोबरेल तेल उन्हापासून वाचवत नाही, हे मला दर उन्हाळ्यात कुणाला तरी सांगावं लागतं.

माझ्यासारखं वर्षभर झाकून राहणाऱ्यांना ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं. रक्त तपासून डॉक्टर गोळी देतात.

"विश्वास आहे ना, मग छत्री कशाला?"

हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलेला आहे, तोही 121 वं स्तोत्र तोंडावर फेकून. परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला सावली आहे, दिवसा सूर्याची बाधा होणार नाही, असं ते वचन आहे. ते माझ्या मशीनच्या वर भरतकामात लावलेलं आहे. ते मी मनापासून मानते आणि छत्रीही घेते.

मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला अशाच एका स्तोत्राचं वचन ऐकवलं होतं, 91 व्या. उडी टाक, दूत झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही, देवाची परीक्षा पाहू नको असं उत्तर दिलं. बाराच्या पुढच्या उन्हात उघड्या डोक्याने फिरून स्तोत्र म्हणणं मला त्या उडीसारखं वाटतं. रंकाळ्यावर मी तेच केलं होतं. 121 वं स्तोत्र हे आरोहणस्तोत्र, यरुशलेमला वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचं म्हणून ओळखलं जातं. त्या देशातली चालणारी माणसं डोकं झाकून चालत आणि दुपारी सावली धरत. अब्राहामाकडे तीन पाहुणे आले तेव्हा तो भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दारात बसलेला होता, आणि त्याने त्यांना झाडाखाली बसायला सांगून पाय धुवायला पाणी मागवलं. देवाची सावली माणसाच्या हातून अशी येते.

शूनेमच्या बाईचा मुलगा आठवतो का? कापणीच्या वेळी बापाकडे शेतात गेला, "माझं डोकं, माझं डोकं" म्हणाला आणि दुपारी आईच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. अलीशा संदेष्ट्याने त्याला जिवंत उठवलं. ती गोष्ट मी बायबल शाळेत सांगते तेव्हा मुलांना हेही सांगते की डोकं दुखलं, मळमळलं, घाम यायचा थांबला, कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर त्याला सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करून अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि मोठ्यांकरवी 108 ला फोन लावायचा. प्रार्थना हात चालू असतानाही करता येते.

आपली काही उपासना नेमकी उन्हाच्या वेळेला येते, तिथे मंडळीनेच सोय करायला हवी. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आठला काढली तर नवाच्या आत आटोपते, दहाला काढली तर लेकरं पोळतात. हातात झावळी असते ती डोक्यावर धरायला सांगा. उत्तम शुक्रवारची बारा ते तीनची, प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना आत असते, पण मांडवात बसणाऱ्यांवर पत्रा तापतो, त्याच्या खाली एक जाड कापड ताणून बांधा. दफनभूमीत बऱ्याचदा झाड नसतं आणि अशा वेळी कुणाला स्वतःकडे लक्ष नसतं. आमच्या महिला मंडळाने सहा काळ्या छत्र्या घेऊन ठेवल्या आहेत, त्या खोदणाऱ्या माणसांच्या डोक्यावर आधी धरायच्या असं ठरलेलं आहे.

गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात एक मुलगी म्हणते, मी सावळी आहे म्हणून माझ्याकडे टक लावून बघू नका, मला उन्हाने करपवलं आहे, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावले, माझा स्वतःचा मळा मला राखता आला नाही. सावळं असण्याची तिला लाज नाही, त्याच्या आदल्याच वचनात ती स्वतःला सुंदर म्हणते. पोरगी काळी पडेल म्हणून झाका, असं मी कुणाला सांगत नाही. पण दुसऱ्याचा मळा राखताना करपलेल्या बाया मी रोज बघते. ऊसतोडीला येणाऱ्या बाया नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या फडात असतात. नवऱ्याचा जुना शर्ट साडीवरून चढवतात, तो चांगलाच उपाय आहे, फक्त मान उघडी राहते आणि उसाच्या पातीने चिरते. त्यांच्यासाठी मी उरलेल्या ट्विलची मानेवर पडणारी पट्टी शिवते, पदराखाली डोक्याला बांधायची. यापो गावात तबीथा मेली तेव्हा विधवा तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत रडत उभ्या होत्या, तिच्याबद्दल फार थोडं लिहिलं आहे, तरी मला ते पुरतं.

पोळलंच तर गार पाण्याचा ओला पंचा दहा-पंधरा मिनिटं, पुन्हा पुन्हा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, फोड फोडायचे नाहीत. कोरफडीचा गर चालतो. भरपूर पाणी प्यायचं. फोड मोठे असतील, ताप असेल किंवा मूल लहान असेल तर दवाखाना.

त्या पोरीची टोपी

बोलणं संपवून मी तिच्या डोक्याचा घेर घेतला, 22 इंच. एक इंच सैल धरून 23. तुम्हीही करू शकाल, सोपी आहे.

काठासाठी 15 इंच चौरस दोन तुकडे घ्या, एक वरचा, एक खालचा. मधोमध साडेतीन इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) त्रिज्येचं वर्तुळ आखा, ती शिवणीची रेघ. कापायचं मात्र त्याच्या आत अर्धा इंच. बाहेरचं वर्तुळ त्या रेघेपासून तीन इंच पुढे, आणि अर्धा इंच शिवणीला. दोन तुकड्यांच्या मध्ये बकरम घाला, नाहीतर काठ डोळ्यावर लोंबतो. उभी पट्टी 24 इंच लांब, साडेचार इंच रुंद. माथ्याचं गोल चार इंच एक सूत त्रिज्येचं. मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत 13 इंच रुंद, नऊ इंच लांब पडदी जोडा, तिला खाली वळण द्या पण ताणून शिवू नका. काठाच्या खालच्या बाजूला गडदच कापड हवं, म्हणजे जमिनीवरून उलटलेलं ऊन तिथे जिरतं, चेहऱ्यावर येत नाही.

पोरीला पिवळी फुलं हवी होती. वरचा तुकडा पिवळ्या फुलांचा घेतला, खालचा गडद निळा. चौथ्या दिवशी ती टोपी घालून आली आणि साडेनऊपर्यंत सगळ्यांबरोबर खेळली, मग सावली बघून स्वतःच झाडाखाली आली. आईला मी सांगितलं आहे की दर जूनला शाळा सुरू व्हायच्या आधी घेर पुन्हा मोजायचा. या वयात डोकं वर्षाला फारसं वाढत नाही, पण वेणी जाड होते.